खारा वारा आणि न दिसणारी डिस्क

शुक्रवार, १२ जुलै २०२४. रात्री साडेनऊच्या सुमारास लाईट गेली. पावसाळ्यात मालवणात लाईट जाणं ही काही लिहिण्यासारखी गोष्ट नाही. पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी वर्षभरापासून नावापुरतीच उरली होती. चार्जर निघाला की चार-पाच मिनिटांत स्क्रीन काळी. बदलू, बदलू म्हणत मी दिवस ढकलत होते. त्या रात्री अकरापर्यंत लाईट तीनदा आली-गेली, तीनदा लॅपटॉप बसला. शेवटी कंटाळून मी झाकण मिटलं आणि झोपले.

शनिवारी सकाळी चहा घेऊन बसले, बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिलं, आणि मग काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: ‘नो बूटेबल डिव्हाइस फाउंड’. खाली सूचना, कुठलंही बटण दाबा. दाबलं. तीच ओळ परत. चहा तसाच राहिला.

मी छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब ठेवते आणि रिटर्न भरते. होमस्टेवाले, काजूवाले, एक बर्फाचा कारखाना, असे अकरा जीएसटीचे क्लायंट, आणि जुलैत त्यावर साठेक इन्कम टॅक्सचे. थ्रीबीची (जीएसटीच्या रिटर्नची) तारीख २०, इन्कम टॅक्सची ३१ जुलै. थ्रीबी चुकला तर लेट फी दिवसाला ५० रुपये, २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. निल रिटर्न असेल तर २०. वर थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. आणि बॅकअप? शेवटचा ३१ मार्चचा, पेनड्राइव्हवर. दुसऱ्यांना ‘बिलं जपून ठेवा’ म्हणून दटावणाऱ्या बाईचा बॅकअप साडेतीन महिने जुना! लाज वाटते, पण लिहिते.

आधी घरगुती उपाय. पेनड्राइव्ह, माउस, डिजिटल सहीचा टोकन, सगळं काढलं. (पेनड्राइव्ह लावलेला राहिला तर कधीकधी लॅपटॉप त्याच्यावरच विंडोज शोधत बसतो आणि हीच ओळ दाखवतो. आधी हे बघावं, फुकटात सुटतं.) चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. काही नाही. मग सुरू करताना एफ२ दाबत राहिले आणि बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगचा, निळा-करडा पडदा आला. कंपनीगणिक हे बटण वेगळं, कुठे एफ२, कुठे एफ१०, कुठे डिलीट.

या पडद्यावर बघायची गोष्ट एकच, पण ती मला तेव्हा माहीत नव्हती, म्हणून सविस्तर सांगते. स्टोरेज किंवा सिस्टिम इन्फर्मेशन अशा नावाच्या पानावर डिस्कचं नाव आणि मॉडेल दिसतं का, ते बघायचं. नाव दिसतंय आणि तरी विंडोज चालू होत नाही, तर बहुतेक वेळा घोटाळा सॉफ्टवेअरचा किंवा सेटिंगचा. नावच दिसत नसेल तर लॅपटॉपला डिस्क भेटतच नाहीये, आणि अशा वेळी विंडोज ‘मारून’, म्हणजे नव्याने टाकून, काहीही होणार नाही. माझ्याकडे लिहिलेलं होतं: ‘नॉट डिटेक्टेड’. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला. बायोसमध्ये कशालाही हात लावायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. माझे तेव्हाचे तीन फोटो पुढे फार कामी आले. बाकीच्या पानांचे फोटो काढायचं सुचलं नाही, ते महागात पडलं.

अकरा वाजता कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन. सत्तावीस मिनिटं गाणं ऐकलं. सीरियल नंबर विचारला, तो लॅपटॉपच्या पोटावर इतक्या बारीक छापलेला की फोनने फोटो काढून मोठा करून वाचला. खरेदी मार्च २०२१ची, वॉरंटी मार्च २०२२लाच संपलेली. ‘तुमच्या पिनकोडला घरी माणूस येत नाही, मशीन कोल्हापूरला आणून द्या.’ तपासणी फी ५९० रुपये, म्हणजे ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, हे मी मनातच फोडलं. सात ते दहा दिवस. जॉबशीटवर सही करायची की डेटाची जबाबदारी आमची नाही. आणि जाता जाता, ‘मॅडम, मदरबोर्ड पण असू शकतो.’ बोर्डाचा आकडा विचारला तर सतरा-अठरा हजार. पावसात घाट चढून जायचं, दहा दिवस थांबायचं आणि डेटावर पाणी सोडल्याची सही आपणच करायची! नाही म्हटलं.

एक गोष्ट मात्र त्या फोनमुळे कळली. सुटी विकत घेतलेल्या एसएसडीला (लॅपटॉपच्या आतल्या डिस्कला) तिच्या कंपनीची स्वतंत्र वॉरंटी असते, तीन किंवा पाच वर्षांची. पण लॅपटॉपसोबत आलेल्या एसएसडीची जबाबदारी लॅपटॉपवाल्याची. त्यामुळे एसएसडीवर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघून तिकडे भांडायला जाण्यात अर्थ नाही.

दुपारी तीनला बाजारातल्या एका दुकानात गेले. पोरगा हुशार, हात भराभर चालणारा. ‘विंडोज उडाली असेल मॅडम, मारून देतो, ५०० रुपये.’ मी ‘डेटा...’ म्हणेपर्यंत त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, बायोसमध्ये सिक्युअर बूट नावाचं सुरक्षेचं सेटिंग बंद केलं, आणखी दोन-तीन ठिकाणी काय काय केलं. विंडोजचा इन्स्टॉलर आला आणि ‘कुठे टाकू?’ या पानावर यादी रिकामी. ‘एसएसडी गेली. नवीन ४,२००, वर विंडोजचे ५००. सोमवारी माल येईल.’ आणि डेटा? ‘गेला समजा.’ दोनशे रुपये देऊन मी लॅपटॉप पिशवीत घातला. पाऊस इतका होता की पिशवी पोटाशी धरून घरी आले, तान्हं मूल आणावं तशी.

त्या दुकानात मी रडवेली झाले होते, पण आज वाटतं, डिस्क दिसली नाही हेच माझं नशीब. दिसली असती तर पुढच्या दोन मिनिटांत ती फॉरमॅट झाली असती. कुणाच्याही हातात मशीन देताना पहिलं वाक्य हेच बोला: डेटा हवा आहे, फॉरमॅट करायचं नाही. मोठ्याने बोला.

रविवारी सकाळी नवरा म्हणाला, दांडीच्या काकांना दाखवून तर बघ. हे काका लॅपटॉपवाले नव्हेत. ट्रॉलरवरचे फिशफाइंडर (मासे शोधायची यंत्रं), जीपीएस, वायरलेस सेट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या झापांखाली आणि ताडपत्रीखाली वर ओढलेल्या, म्हणून त्यांनाही वेळ. मला वाटलं, फिशफाइंडरवाला लॅपटॉपचं काय करणार? पण गेले.

काकांनी आधी लॅपटॉप उघडलाच नाही. नाकाशी नेला, कडेच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. त्यावर पांढुरकं, चिकट काहीतरी. ‘ह्यो बसता खंय?’ मी म्हटलं, खिडकीत, समुद्राकडची हवा येते तिथे. ‘मगे!’ म्हणाले, जणू निदान झालं.

टेबलावर भिंगाचा दिवा, दात घासायच्या ब्रशांची फौज, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. खालचे दहा स्क्रू काढले. लांब आणि आखूड वेगळे असतात आणि चुकीचा लांब स्क्रू आखूड जागी घुसवला तर बोर्डाला भोक पडू शकतं, म्हणून त्यांनी एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवले. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढणं, मगच बाकीच्याला हात. एसएसडी म्हणजे च्युइंगमच्या पट्टीसारखी एक पाटी. तिच्यावर २२८० लिहिलं होतं. म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. एका टोकाला खाचेत बसते, दुसऱ्या टोकाला एकच इवलासा स्क्रू. तो काढला की पट्टी तिरकी होऊन वर येते, मग सरळ ओढायची.

काकांनी ती भिंगाखाली धरली आणि मला बोलावलं. सोनेरी दात ओळीने बसलेले, पण मधल्या सात-आठ दातांवर हिरवट-करडी झाक, दोनांवर काळे ठिपके. सोनं गंजत नाही, हे आपल्याला माहीत असतं. पण इथला मुलामा इतका पातळ की त्याला सूक्ष्म भोकं असतात. दमट खारी हवा त्यातून खालच्या धातूपर्यंत पोचते आणि तिथला गंज वर येऊन पसरतो. खाचेतही तेच. ‘मेली नाय हा गो ती. खारान खाल्ल्यान तिका. फिशफाइंडराचो पण ह्योच रोग.’

मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं, खोडरबर घासतात ना? काका चिडले. रबराने उरलंसुरलं सोनंही निघतं आणि त्याचा चुरा खाचेत जातो. त्यांनी सुती कापडाचा तुकडा अल्कोहोलमध्ये बुडवून दात एकाच दिशेने पुसले, पाच-सहा वेळा. खाचेत मऊ ब्रश. मग वीस मिनिटं नुसतं वाळू दिलं, तोवर चहा आणि खाजं.

तेवढ्यात त्यांनी बोर्डावरचा नाणेसेल मीटरने मोजला. तीन व्होल्टचा सीआर२०३२, निघाला २.१. बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ यावर अवलंबून असतं. शेजारच्या घड्याळवाल्याकडून ४५ रुपयांचा नवा आणून घातला. सगळं जोडलं, एफ२ दाबलं. तारीख होती १ जानेवारी २०२१, म्हणजे सेटिंग्ज पुसली गेली होती. आणि स्टोरेजच्या ओळीत डिस्कचं नाव!

मी टाळी वाजवली. काका म्हणाले, ‘थांब, घाय करू नको.’ बरोबर होतं त्यांचं. तारीख दुरुस्त करून बाहेर पडलो, विंडोजचं वर्तुळ फिरायला लागलं आणि दहा सेकंदांत निळा पडदा: ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

आता डिस्क दिसत होती, पण विंडोजला ती वाचता येत नव्हती. इथे काकांची विद्या संपली आणि माझ्या भाच्याची सुरू झाली. २०२२मध्ये याच लॅपटॉपवर त्याने विंडोज नव्याने टाकली होती. तो गोव्याला मित्रांबरोबर गेला होता, रविवारी रेल्वेने मुंबईला परत निघालेला. दुपारी साडेचारला फोन लागला. ‘मावशी, बायोसमध्ये व्हीएमडी नावाचं काही आहे का? ते बंद कर.’ इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत हे व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळण्याची इंटेलची एक सोय, कारखान्यातून चालू येतं. ते चालू असलं की वेगळा ड्रायव्हर लागतो, नाहीतर विंडोजच्या इन्स्टॉलरला धडधाकट डिस्कही दिसत नाही. २०२२मध्ये भाच्याने या कटकटीला कंटाळून ते बंद करून विंडोज टाकली होती. सेल उतरल्यावर बायोस मूळपदावर गेलं, व्हीएमडी परत चालू झालं आणि बंद असताना बसवलेली विंडोज अडखळली. हे पान माझ्या फोटोंत असतं तर निळा पडदा दिसलाच नसता.

बंद केलं. सेव्ह केलं. पुन्हा वर्तुळ, आणि पुन्हा निळा पडदा, पण या वेळी वेगळा: बिटलॉकरची रिकव्हरी की टाका. ४८ आकडे.

मी आयुष्यात बिटलॉकर चालू केलं नव्हतं. पण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोज आपणहून डिस्क कुलूपबंद करते आणि किल्ली त्या खात्यात ठेवून देते. एरवी कळतही नाही. बायोसमध्ये इतकी उलथापालथ झाली की तिला संशय येतो आणि किल्ली मागते. याचा अर्थ असाही की ही डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली असती तरी किल्लीवाचून आत शिरता आलं नसतं. डेटा काढून देतो म्हणणाऱ्यालाही नाही.

फोनवरून माझ्या खात्यात शिरले. रिकव्हरी कीच्या पानावर उपकरणांची यादी असते. माझी यादी रिकामी. मग लख्ख आठवलं: २०२२मध्ये घाईघाईत भाच्याने स्वतःच्याच ईमेलने विंडोज चालू केली होती, ‘नंतर बदलू मावशी’ म्हणत. किल्ली त्याच्या खात्यात.

भाच्याला फोन लावला, तो लागेना. संध्याकाळी बातमी आली, खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड कोसळली, कोकण रेल्वे ठप्प. भाच्याची गाडी चिपळूणच्या अलीकडे कुठेतरी उभी. रात्री साडेनऊला त्याचा एक मेसेज: ‘सेफ आहे. चार्ज ४%.’ माझी बहीण तिकडून रडतेय, आणि मी मनातल्या मनात त्या चार टक्क्यांत ४८ आकडे बसतील का याचा हिशेब करतेय. सांगायला नको, पण हे असंच झालं. अर्थात विचारलं नाही.

सोमवारी, १५ तारखेला दुपारी तो एसटीने पुढे जाऊन एका हॉटेलात जेवायला थांबला, फोन चार्जिंगला लावला आणि मला कॉल केला. माझ्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं मी वाचली, त्याच्या यादीत त्याच आयडीची किल्ली होती. (यादीत दोन-तीन किल्ल्या असतात, ही जुळवाजुळव केल्याशिवाय आकडे टंकायला बसू नका.) मेसेजने पाठवायचा तर नेट मरतुकडं, दोनदा अडकलं. म्हणून तो वाचू लागला आणि मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहू लागले. आठ गट, प्रत्येकी सहा आकडे. मागे ताटांचा आवाज, वर पाऊस.

टाकली. चूक. पुन्हा बघून टाकली. चूक. तो म्हणाला, मावशी, प्रत्येक गटाला अकराने भाग जातो का बघ. मला वाटलं थट्टा करतोय. पण बिटलॉकरची किल्ली बनवतातच अशी: सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ने नि:शेष भाग जातो, आणि कुठलाच गट ८ किंवा ९ने सुरू होत नाही. हिशेबनीस बाईला यापेक्षा गोड बातमी कुठली! अकराची कसोटी शाळेत शिकलेली: एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या, त्यांच्यातला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत हवा. तिसऱ्या गटात माझ्याकडे होतं २८३१५५ (आकडे इथे बदलून लिहिते आहे). २, ३, ५ची बेरीज १०. ८, १, ५ची १४. फरक चार. गट खोटा. ‘तिसऱ्या गटातला पाचवा आकडा परत सांग.’ ‘नाइन.’ मी ‘फाइव्ह’ ऐकलं होतं. आता २, ३, ९चे १४ आणि ८, १, ५चे १४. उरलेले सातही तपासले, सगळे खरे. फोनवर किल्ली घ्यायची वेळ आली तर आकडे मराठीत सांगायला लावा. पाच आणि नऊ कधी एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझा डेस्कटॉप उघडला. मागे नातवंडांचा फोटो असणाऱ्यांना कळेल, मी आधी काहीच केलं नाही, नुसती बघत राहिले. माझा फोटो आमच्या मांजराचा आहे.

मग कामाला लागले. नवऱ्याने बाजारातून एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क आणली, ४,७००. सोमवारी संध्याकाळपासून मंगळवारी रात्रीपर्यंत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, एक्सेल, क्लायंटचे पॅन-आधारचे स्कॅन, सगळं उतरवलं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत पाहिली: ८८ टक्के, ‘गुड’. खाली एक ओळ होती, ‘अनसेफ शटडाउन’, समोर आकडा २१७. दोनशे सतरा वेळा मी तिला न सांगता झोपवलं होतं. बॅटरी बदलायची टाळाटाळ एवढ्या स्वच्छ आकड्यात कुणी माझ्यासमोर मांडली नव्हती.

बुधवारी आषाढी एकादशी. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊन बसले, दोन रिटर्न भरून झाले आणि स्क्रीन गोठली. बंद-चालू केलं. ‘नो बूटेबल डिव्हाइस फाउंड’. या वेळी मात्र पोटात गोळा आला नाही, सगळं बाहेर उतरवून झालं होतं. काकांनी पुन्हा पुसून दिली, म्हणाले, दातांवरचं सोनंच गेलंय, आज लागेल, उद्या सुटेल. घरी आल्यावर लॅपटॉप अर्धा तास नीट चालला. तेवढ्या वेळात मी टॅलीचं लायसन्स सरेंडर केलं. हे लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. जुनी डिस्क जिवंत असताना सोडवून घेतलं तर नवीवर सरळ चालू होतं, नाहीतर ते रीसेट करून घ्यायला फोनाफोनी.

गुरुवारी एसटीने कुडाळला, बायकांचं अर्धं तिकीट. दुकानात नुसतं ‘लॅपटॉपची एसएसडी द्या’ म्हणू नका. त्याच आकाराच्या पट्टीत एनव्हीएमई आणि साटा अशा दोन जाती येतात. माझ्या खाचेत फक्त एनव्हीएमई चालते. साटावाली घातली असती तर पुन्हा तेच ‘नॉट डिटेक्टेड’ आणि पुन्हा रडारड. जुन्या डिस्कच्या लेबलचा फोटो दाखवला, ५०० जीबीची ३,६५०ला मिळाली, पाच वर्षं वॉरंटी, बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. जुनी दुकानदाराला दिली नाही. तिच्यात साठ जणांचे पॅन आहेत.

बसवायचं काम त्याच संध्याकाळी काकांकडे. जाऊबाईंच्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकण्यासाठी आठ जीबीचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तयार करून ठेवला होता. विंडोजच्या लायसन्सची मला धास्ती होती, पण ते लॅपटॉपच्या बोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्कशी नाही. नेट जोडल्यावर ते आपोआप लागू झालं, विंडोजचा एक रुपया लागला नाही. खातं या वेळी माझ्या ईमेलचं. काकांना पैसे विचारले तर म्हणाले, ‘माका पैसे नको, माझो तो पॅन-आधारचो घोळ सोडव.’ तो घोळ अजून चालू आहे. लॅपटॉप सोपा होता.

शुक्रवारी, १९ तारखेला, मी घाईने थ्रीबी भरत असताना टीव्हीवर निळे पडदेच निळे पडदे. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले विंडोजवाले कॉम्प्युटर बसले होते, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. आणि पुष्कळ ठिकाणी अडलं होतं ते बिटलॉकरच्या किल्लीवर! काकांचा फोन आला, ‘तुझ्या लॅपटॉपचो रोग जगाक लागलो गो!’ शनिवारी रात्री पावणेदहाला अकरावा थ्रीबी गेला. लेट फी शून्य.

नवी बॅटरी ऑगस्टमध्ये आली, २,९०० रुपये. लॅपटॉप आता खिडकीत नाही, आतल्या खोलीत असतो. रात्री झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करते. रंगीत पुड्यांचा रंग बदलला की वाळवायच्या. दर शुक्रवारी बॅकअप.

आणि नवी रिकव्हरी की मोठ्या अक्षरांत छापून, प्रत्येक गट अकराने तपासून, देवघराच्या खणात पंचांगाखाली ठेवली आहे. परवा सासूबाईंना कापूर शोधताना तो कागद सापडला. चष्मा लावून त्यांनी ४८ आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचले आणि मला हाक मारली.

‘ह्यो कोणाचो नंबर गो? अमेरिकेचो?’